खंडणी कुणाला दिली? वधस्तंभ आणि पापाची शेवटची शिक्षा

आमच्या गल्लीच्या टोकाला एका काकांचे आठ पॉवरलूम आहेत, टॉवेलचं काम चालतं. मागच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीनची उपासना आटोपून मी घरी येत होतो. एप्रिलचं सोलापूर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काका दारात बसले होते. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं, माझं पिऊन होईपर्यंत थांबले आणि मग विचारलं, "का ओ सर, देवाला माफच करायचं हुतं तर सरळ करायचं की. पोराचा जीव कशाला घेतला?"

उत्तर मला पाठ होतं. संडे स्कूलमध्ये मी ते वर्षानुवर्षं शिकवत आलोय: शिक्षा आपल्याला व्हायची होती, ती येशूनं आपल्या जागी भोगली. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे एकाच्या गुन्ह्यात दुसऱ्याला आत टाकलं. ह्याला न्याय म्हणायचं व्हय?" त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनी स्वतःलाही शतकानुशतकं विचारलाय आणि त्यावर त्यांचं आजही एकमत नाही. तेवढं सगळं दारात उभ्या उभ्या सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

येशू आपल्या पापांसाठी मेला, यावर सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एक आहेत. वाद आहे तो "साठी" या शब्दाचा. चौथ्या शतकात, ३२५ ला नायसियात आणि ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये जो मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरावीक कबुली, घडला, त्यात "आम्हां मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी" एवढंच म्हटलंय. ख्रिस्त कोण, यावर त्या काळी शब्दाशब्दाचा कीस पडला. पण त्याच्या मरणानं तारण, म्हणजे पापातून सुटका, नेमकं कसं होतं, याची एकच एक व्याख्या सगळ्या चर्चनं मिळून कुठल्याही परिषदेत ठरवली नाही.

आणि "साठी" तर आपल्या मराठीतही एका जागी थांबत नाही. सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभं राहून आपण म्हणतो, हे चौघं आपल्यासाठी फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१, येरवडा. इथं "साठी" म्हणजे आपल्या भल्यासाठी. आपल्याला फाशी होणार होती आणि ती त्यांनी घेतली, असा त्याचा अर्थ नाही. याउलट माझे आजोबा जुन्या गिरणीत आधी बदली म्हणून लागले होते. कुणी कामावर आलं नाही की त्याच्या मागावर ते उभे राहायचे. हा झाला "ऐवजी". नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्येही असे दोन शब्द आहेत. बहुतेक ठिकाणी "ह्युपेर" येतो, म्हणजे भल्यासाठी, वतीनं. मार्कच्या शुभवर्तमानात, १०:४५ मध्ये, मात्र "आन्ती" आहे, म्हणजे ऐवजी, मोबदल्यात.

त्या मार्क १०:४५ मध्येच मराठी बायबलमध्ये एक शब्द आहे जो आजच्या वाचकाला दचकवतो. येशू म्हणतो, मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलोय. आज आपण खंडणी पेपरात वाचतो ती गुंडांनी व्यापाऱ्याकडे मागितलेली. मूळ शब्द "लुत्रोन" हा गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजलेल्या रकमेचा. सोडवणुकीचं मोल. पण मोल म्हटलं की लगेच प्रश्न येतो: ते दिलं कुणाला? तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडितानं सुचवलं की माणूस सैतानाच्या ताब्यात होता, तेव्हा मोल त्यालाच मिळालं. चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरी या बिशपनं ते चित्र आणखी रंगवलं: येशूचं मानवी शरीर हे आमिष, त्याच्या आत लपलेलं देवपण हा गळ, सैतानानं आमिष गिळलं आणि गळाला लागला. त्याच पिढीतला त्याचा मित्र, नाझियानझसचा ग्रेगरी, याला हे अजिबात पटलं नाही. चोरानं पळवलेल्या माणसाचं मोल चोराला, आणि तेही खुद्द देवानं द्यायचं? पण मोल पित्याला दिलं म्हणावं, तर त्यानं आपल्याला कधी कैद केलं होतं? त्याचंही बरोबर होतं.

सैतानाला दिलेली रक्कम सोडून दिली तरी त्या चित्रातली एक गोष्ट उरते, आणि ती मला मोलाची वाटते. पाप म्हणजे फक्त आपण केलेल्या चुकांची यादी नाही. ती एक पकड आहे, माणसाला सुटू न देणारी. दारू सोडायची शपथ दर महिन्याला घेणारा माणूस ज्यानं जवळून पाहिलाय, त्याला ही पकड समजावून सांगावी लागत नाही. वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांत देवानं ती पकड तोडली, मरणाला त्याच्याच घरात जाऊन हरवलं, हा जुन्या चर्चचा आवडता सूर. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तो आजही पहिला आहे. पश्चिमेत स्वीडनच्या गुस्ताफ आउलेन यांनी १९३१ च्या सुमारास तो पुन्हा वर आणला.

पश्चिमेत मधल्या काळात सूर बदलला तो अन्सेल्ममुळे. हा कँटरबरीचा आर्चबिशप. १०९८ मध्ये त्यानं या विषयावरचं आपलं लिखाण पुरं केलं. सैतानाचं देणं वगैरे काही नाही, तो म्हणाला. माणूस देवाचं देणं लागतो. पापानं देवाचा मान बुडवलाय आणि जेवढा मोठा तो, तेवढी मोठी भरपाई. भरपाई माणसानं करायला हवी, पण करू शकतो फक्त देव. म्हणून देव माणूस झाला. यात एक बारकावा सहज निसटतो. अन्सेल्मच्या हिशेबात भरपाई आणि शिक्षा हे दोन वेगळे रस्ते आहेत: भरपाई झाली म्हणून शिक्षा टळली. थोड्याच वर्षांनी आबेलार्द या फ्रेंच पंडितानं तिसरंच सांगितलं. वधस्तंभावर देवाचं प्रेम उघडं पडतं आणि ते पाहून आपलं दगडाचं काळीज पाझरतं. बदल देवात नाही, आपल्यात व्हायचा असतो. ऐकायला गोड आहे आणि खरंही आहे, पण एवढंच असेल तर कुणाचा जीव जाण्याचं कारण अपुरं राहतं असं मला वाटतं. नदीत बुडणाऱ्याला वाचवताना कुणी मेला तर ते प्रेम. काठावर उभं राहून "बघ माझं प्रेम" म्हणत पाण्यात उडी टाकली तर ते कसलं प्रेम?

मी काकांना दिलेलं उत्तर सोळाव्या शतकातलं, धर्मसुधारणेच्या काळातलं. लूथर आणि विशेषतः कॅल्विन या प्रॉटेस्टंट सुधारकांनी मानाच्या जागी कायदा आणला. कॅल्विनचं शिक्षणच कायद्याचं होतं. देव न्यायाधीश, पाप हा गुन्हा, शिक्षा अटळ, आणि ती शिक्षाच ख्रिस्तानं स्वतःवर घेतली. आधार जुन्या करारातल्या यशया या संदेष्ट्याच्या ५३ व्या अध्यायाचा: तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला. आमच्याकडच्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर ही मांडणी आली, त्यामुळे तीच एकमेव आहे असं समजून आम्ही वाढलो.

तिच्यावरचा सगळ्यात टोकदार आक्षेपही त्याच शतकातला. १५९४ मध्ये छापल्या गेलेल्या लिखाणात सोसिनस या इटालियन विचारवंतानं विचारलं: देणं फेडलं गेलं असेल तर माफी कसली, आणि माफी दिली असेल तर फेडायचं काय उरलं? पतसंस्थेत जामीनदार राहिलेल्या कुणालाही हे पटेल. कर्जदारानं हप्ते थकवले, जामीनदाराच्या पगारातून कपात झाली, तर संस्थेनं "आम्ही माफ केलं" म्हणून मिरवू नये; तिची तर पै न पै वसूल झाली. आणि गंमत अशी की मराठी बायबल येशूला जामीनच म्हणतं, इब्री ७:२२ मध्ये. "तारण" हा आमचा सगळ्यात पवित्र शब्द. तोच बँकेच्या पाटीवर "सोनेतारण कर्ज" म्हणून लिहिलेला असतो.

यावर मला उमगलेलं उत्तर असं. कर्जमाफी जाहीर झाली म्हणजे ते पैसे हवेत विरले असं होत नाही. कुणाच्या तरी खात्यातून ते जातात. माफ करणाऱ्यालाच तोटा सोसावा लागतो. भावानं फसवून जमीन लाटली आणि तुम्ही त्याला माफ केलं, तर जमीन गेली ती गेलीच, वर सूड घ्यायचा हक्कही तुम्ही गिळला. जामीनदार हा बँकेहून वेगळा, तिसरा माणूस असेल तर काकांचा आक्षेप बिनतोड आहे. पण ख्रिस्ती विश्वास तसं म्हणत नाही. तो म्हणतो, ज्याला देणं द्यायचं होतं तोच ते भरायला आला. "देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता," असं प्रेषित पौल आपल्या पत्रात लिहितो. "कोणी माझा प्राण माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो," असं योहानाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो. रागावलेला बाप आणि निमूट मार खाणारा पोरगा हे चित्र आम्ही व्यासपीठावरून आणि संडे स्कूलमधून फार वेळा रंगवलंय. ते चुकीचं आहे, आणि घरात खराखुरा मार खाणाऱ्या पोरांसमोर ते रंगवणं घातक आहे. मीही ते केलंय, याचं मला वाईट वाटतं.

न्यायालय आणि बँक या दोन्हींतून बाहेर पडायला मला जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायानं मदत केली. तिथं वर्षातल्या एका दिवसाचा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, विधी आहे. दोन बकरे आणतात. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी ठरतो. त्याचा वध होतो आणि प्रमुख याजक त्याचं रक्त पडद्याआड नेऊन कराराच्या कोशावरच्या दयासनावर, म्हणजे त्या पवित्र पेटीच्या झाकणावर, शिंपडतो. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक लोकांची सगळी पापं उच्चारतो, आणि तो बकरा जिवंत रानात सोडून देतात. नीट पाहा: ज्याच्यावर पापं लादली तो मारला जात नाही, आणि जो मारला जातो त्याच्यावर पापं उच्चारलेली नाहीत. रक्त तिथं मळ धुतं, जिवंत बकरा ओझं दूर वाहून नेतो. बकऱ्याला शिक्षा होतेय, असं त्या वर्णनात कुठंच नाही.

"प्रायश्चित्त" हा शब्द भाषांतरकारांनी आपल्या धर्मशास्त्रातून उचलला, पण त्याची दिशा उलटी केली. आपल्याकडे प्रायश्चित्त ज्यानं दोष केला त्यानं घ्यायचं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचं प्रकरण केवढं पेटलं आणि शेवटी न्यायमूर्ती रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, हे मराठी माणसाला ठाऊक आहे. ख्रिस्ती वापरात मात्र दोषी माणूस बाजूला उभा असतो आणि प्रायश्चित्त देव करतो. एकच शब्द काकांच्या कानात एका दिशेनं जातो, माझ्या कानात दुसऱ्या. आमच्या गप्पांत निम्मा घोळ याचाच होता.

आता शिक्षेकडे येतो, कारण काकांचा दुसरा प्रश्न तोच होता: आणि जे मानत नाहीत त्यांचं काय?

पौलाच्या रोमकरांस पत्रात सगळ्यात जास्त पाठ केलं जाणारं वाक्य आहे, "पापाचे वेतन मरण आहे." गिरण्यांच्या गावात वेतन समजावून सांगायला नको. ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा आहे. पाप मालक, आपण त्याचे चाकर, आणि महिनाअखेरीला हातावर पडतं ते मरण. पुढचं अर्धं वाक्य म्हणतं, देवाचं कृपादान मात्र सार्वकालिक जीवन आहे. ते पगार नाही, देणगी आहे. पण पौल इथं "मरण" म्हणतो, नरकातल्या यातना म्हणत नाही. मग नरकाचं काय?

मराठीत "नरक" म्हटलं की पुराणातले यमदूत आणि उकळत्या कढया डोळ्यांपुढं येतात. बायबलमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक अधोलोक, जिथं सगळेच मेलेले जातात. दुसरी गेहेन्ना, येशूच्या तोंडी येणारी. तिसरं प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं अग्निसरोवर. गेहेन्ना म्हणजे यरुशलेमच्या दक्षिणेची हिन्नोमाची दरी, जिथं एके काळी लोक स्वतःची मुलं आगीत अर्पण करत. योशीया राजानं ती जागा भ्रष्ट करून तो प्रकार बंद पाडला. तिथं शहराचा कचरा सतत जळायचा असं आम्ही उपदेशांत ऐकतो, पण ती माहिती मध्ययुगातल्या, १२०० च्या आसपासच्या एका यहुदी भाष्यकारापासून मिळते. येशूच्या काळचा तसा पुरावा नाही. मुलांच्या किंकाळ्यांची दरी पुरेशी भयानक आहे, तिला उकिरडा जोडायची गरज नाही.

शेवटच्या शिक्षेबद्दल तीन मतं आहेत. बहुसंख्य चर्चचं मत ऑगस्टीन या जुन्या बिशपपासून ठाम झालेलं: शिक्षा जाणिवेनं भोगायची आणि ती कधी संपत नाही. आधार मत्तय २५:४६. तिथं "सार्वकालिक शिक्षा" आणि "सार्वकालिक जीवन" एकाच वाक्यात आहेत. एक संपतं म्हटलं तर दुसरंही संपेल, असा ऑगस्टीनचा युक्तिवाद. कॅथलिक चर्चही नरक सार्वकालिक मानतं, मात्र तिथली मुख्य शिक्षा देवापासूनचा कायमचा दुरावा आहे असं शिकवतं, आणि देवाच्या कृपेत मेलेल्यांसाठी शुद्धीची एक अवस्था मानतं.

दुसरं मत म्हणजे दुष्टांचा शेवटी नाश होतो, ते उरतच नाहीत. अमरपण माणसाला जन्मतः नाही, ते देवाचं दान आहे. दान नाकारलं की उरतं ते खरंखुरं मरण. देव नरकात आत्मा आणि शरीर या दोहोंचा नाश करू शकतो, हे मत्तय १०:२८ मधलं येशूचं बोलणं हे लोक पुढं करतात. न मरणारा किडा आणि न विझणारी आग ही यशयाच्या शेवटच्या ओळीतून येते, आणि तिथं ती प्रेतांना लागलेली आहे, जिवंतांना नव्हे. सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट हेच मानतात. १९८८ मध्ये जॉन स्टॉट यांच्यासारख्या इंग्लंडच्या मान्यवर सुवार्तिक पाळकानं या मताकडे आपला कल असल्याचं सांगितलं तेव्हा मोठी खळबळ माजली.

तिसरं मत, देव शेवटी सगळ्यांनाच परत आणील. आग सोन्याला शुद्ध करते तशी. ओरिजेन आणि गळाच्या चित्राचा तोच निसाचा ग्रेगरी यांचं. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या ठरावांत ओरिजेनच्या नावानं चाललेली ही शिकवण धिक्कारली गेली. ग्रेगरी मात्र संत म्हणूनच राहिला.

ही मतं आणि वर सांगितलेल्या मांडण्या आम्ही वेगवेगळ्या रविवारी शिकवतो. पण हिशेब एकच आहे. येशूनं आपली शिक्षा भोगली म्हणायचं, आणि शिक्षा म्हणजे न संपणाऱ्या यातना म्हणायच्या, तर वधस्तंभावर तो काही तास होता आणि तिसऱ्या दिवशी उठला. मेळ कसा बसवायचा? अन्सेल्मच्या वाटेनं जाणारे म्हणतात, काळ मोजू नका, माणूस मोजा. अनंताचा एक तासही अनंत. कॅल्विन येशूच्या वधस्तंभावरच्या आरोळीकडे बोट दाखवतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" नरक तिथंच भोगला गेला, असं तो म्हणतो. नाशाचं मत धरणाऱ्यांना हा हिशेब सोपा जातो: शिक्षा मरण होती, तो मेला. आणि सगळे परत येतील म्हणणारे विचारतात, मोल सगळ्यांचं दिलं असेल तर कुणी मागं कसं राहील? हाच प्रश्न उलट्या बाजूनं १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टला भरलेल्या, कॅल्विनच्या वाटेनं जाणाऱ्या मंडळ्यांच्या सभेपुढं होता. तिनं उत्तर दिलं, मरण सगळ्यांना पुरेसं आहे, पण लागू पडतं ते निवडलेल्यांना. मला विचाराल तर शिक्षा म्हणजे मरण, हे मला पौलाच्या वाक्याशी सगळ्यात प्रामाणिक वाटतं. मत्तय २५ मात्र मला अजून पुरतं सुटलेलं नाही.

हा हिशेब माझ्यासाठी कागदावरचा नाही. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पणजीनं घेतला नाही. त्या काळात अशी घरं होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. पणजी तर शेवटपर्यंत जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला गेली आणि रविवारी सकाळी चर्चला निघणाऱ्यांना भाकरी करून वाढत राहिली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्त ठाऊक झाला नाही पण जे विवेकाला जागले, त्यांचंही तारण होऊ शकतं. पण पणजीला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत नाही. घरात रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची आणि ती चुलीपाशी बसून ऐकायची.

प्रेषितांच्या मतांगीकारात एक छोटं वाक्य आहे, "तो अधोलोकात उतरला." पेत्राच्या पहिल्या पत्रात येशूनं तुरुंगातल्या आत्म्यांना घोषणा केल्याचा उल्लेख आहे, त्याच्याशी जुन्या चर्चनं ते जोडलं: शुक्रवार आणि रविवारच्या मधल्या शनिवारी तो मेलेल्यांकडे गेला. माझे आजोबा, पणजीचा मोठा मुलगा, दर रविवारी उभे राहून सगळ्या मंडळीबरोबर मतांगीकार म्हणायचे. त्या वाक्यापाशी ते सावकाश व्हायचे. बाकीचे तोवर "तिसऱ्या दिवशी" म्हणत पुढं गेलेले असायचे, आणि शेजारी उभा असलेल्या मला त्यांचा एकट्याचा आवाज ऐकू यायचा.